हसू नका, हलू नका

माझ्या दुकानाच्या पाटीवर 'कमर्शियल अँड इंडस्ट्रियल फोटोग्राफी' असं ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं आहे. बावीस वर्षांपूर्वी ही पाटी रंगवून घेताना रंगाऱ्याने विचारलं होतं, "खाली जागा उरतेय. पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत, असं टाकू का?" हृदयरोगतज्ज्ञाला कोणी 'कान टोचून द्याल का' विचारावं तसा मी दुखावलो. उरलेली जागा उरलेलीच ठेवली. पुढच्या सहा महिन्यांत त्या जागेखाली मीच एक पुठ्ठा लटकवला आणि त्यावर मार्करने लिहिलं, 'पासपोर्ट, व्हिसा. दहा मिनिटांत.' आज पाटीचा रंग उडालाय. पुठ्ठा मात्र तीनदा नवा केला. कुठल्या मजकुरावर घर चालतं हे ऊन-पावसालाही कळलेलं असावं.

दुकान डोंबिवली पूर्वेला, फडके रोडपासून चालत चार मिनिटांवर. गर्दी असेल तर अकरा. आत नऊ बाय अकराची जागा, त्यात एक स्टूल, दोन छत्र्या, पांढरा पडदा, आरसा, आरशाला दोऱ्याने बांधलेला कंगवा (आधीचे चार कंगवे परदेशी गेले) आणि खिळ्याला अडकवलेला एक चॉकलेटी शर्ट. हा शर्ट माझाच. मेव्हण्याने दिवाळीला दिला होता. मी तो दोनदा घातला, दोन्ही वेळा बायको म्हणाली, "सोफ्याचं कापड उरलं होतं का?" तेव्हापासून तो दुकानात आहे.

त्याचं कारण असं की अमेरिकेच्या व्हिसाला फोटोची पार्श्वभूमी पांढरी लागते, आणि डोंबिवलीतले आजोबा व्हिसाचा फोटो म्हटला की कपाटातला सगळ्यात स्वच्छ, म्हणजे पांढराच, शर्ट घालून येतात. पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा शर्ट म्हणजे नुसतं मुंडकं हवेत तरंगतं. मग मी खिळ्याकडे बोट दाखवतो. गेली कित्येक वर्षं निम्म्या पंचक्रोशीने तो शर्ट घालून व्हिसा काढलाय. तो न्यू जर्सीला गेला, टोरांटोला गेला, जर्मनीला गेला. मी स्वतः बेळगावच्या पुढे गेलेलो नाही.

मागच्या वर्षी असेच एक आजोबा आले. वय पंचाहत्तरच्या आसपास, इस्त्री कडक, आवाज त्याहून कडक. निवृत्त झालेले असावेत पण नोकरीने अजून त्यांना सोडलेलं नव्हतं. मी शर्ट दिला, त्यांनी तो नाकापाशी नेऊन तपासला आणि निमूटपणे घातला. मग मी म्हणालो, "आजोबा, चष्मा काढा."

"का?"

"नियम आहे. नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकेच्या व्हिसाला चष्म्यातला फोटो चालत नाही."

"चाळीस वर्षं मी चष्मा लावतोय. चष्म्याशिवाय तिथला माणूस मला ओळखणार कसा?"

"आजोबा, तो तुम्हाला तसाही ओळखत नाही."

हे बोलायला नको होतं. त्यांनी चष्मा काढला, पण पुढची पाच मिनिटं माझ्याकडे बघत असल्यासारखं माझ्या शेजारच्या टेबलफॅनकडे रागाने बघत राहिले. "हसू नका," मी म्हणालो. ते हसत नव्हतेच. "हलू नका. दोन्ही कान दिसू देत. हनुवटी जरा खाली." दोन इंच बाय दोन इंच, डोकं पंचवीस ते पस्तीस मिलिमीटरमध्ये बसलं पाहिजे. फोटो हातात घेऊन त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "हे कोण?"

"तुम्हीच. चष्मा लावून बघा."

त्यांनी चष्मा लावला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "शर्ट छान आलाय."

तर हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पण पाटीवरचा मजकूर अगदीच खोटा नाही. अधूनमधून मी कमर्शियल असतो. आणि ज्या ज्या दिवशी मी कमर्शियल असतो, त्या त्या दिवशी काहीतरी होतं.

ठाण्याला राम मारुती रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानाचं काम मिळालं. दोन लाइट, दोन स्टँड, पडद्याची नळी, कॅमेऱ्याची बॅग आणि रिफ्लेक्टर, एवढं सामान घेऊन मी आणि माझा मदतनीस पोरगा सकाळी डोंबिवली स्टेशनला आलो. टॅक्सी करायची ऐपत क्लाएंटने कोटेशनमधूनच छाटली होती. एवढं सामान घेऊन साध्या डब्यात शिरायचं म्हणजे भांडण झाल्याशिवाय राहत नाही, म्हणून मालडब्यात चढलो. आत कल्याणच्या बाजारातून निघालेली फुलं, झेंडूचे भारे, दोन पालकवाल्या, दुधाचे कॅन घेतलेला एक दूधवाला आणि त्या सगळ्यांवर राज्य करणाऱ्या एक फुलवाल्या मावशी.

रिफ्लेक्टर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापडाची मोठी तबकडी असते, कडेने स्प्रिंगची पट्टी. पीळ देऊन दुमडली की कडबोळ्यासारखी लहान होते आणि पिशवीत जाते. पिशवीतून काढली की आपली आपण उघडते. नुसती उघडत नाही, उसळते. माझ्या पिशवीची चेन बरेच दिवस आजारी होती. बायकोने दोनदा सांगितलं होतं, फडके रोडच्या कोपऱ्यावरच्या चेनवाल्याकडून बदलून घे. दहा रुपयांचं काम.

पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. सव्वा किलोमीटरहून जास्त लांबीचा, १९१६ सालचा तो बोगदा. आत शिरलं की अंधार. त्या अंधारात कुणाचं काय झालं, कोण कुणावर पडलं, याचा बोभाटा व्हायचा नाही. २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका झाली, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना गेला आणि आमच्या फास्ट गाड्या मुंब्रा-कळव्याच्या लख्ख उजेडातून धावू लागल्या. रेल्वेने वेळ वाचवला असेल. माझी अब्रू मात्र त्या बोगद्याबरोबरच गेली.

मुंब्रा मागे पडलं, डावीकडे डोंगर, उजवीकडून सकाळचं ऊन, आणि चेनने प्राण सोडला. 'फटाक्' असा आवाज झाला आणि साडेतीन फुटांची सोनेरी तबकडी डब्याच्या मधोमध उघडली. दूधवाला 'टायर फुटला' म्हणून ओरडला. लोकलला टायर नसतात हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. एक पालकवाली खाली बसली. तबकडीची कड झेंडूच्या भाऱ्यावर आपटली आणि अर्धा डबा केशरी झाला.

आणि मग जे झालं ते मी या जन्मात विसरणार नाही. ती तबकडी मावशींच्या पुढ्यात तिरकी टेकली, दारातून आलेलं ऊन तिच्यावर पडून मावशींच्या चेहऱ्यावर गेलं. नथ, कपाळावरचं गोंदण, सुरकुत्या, डोळ्यांतला राग, सगळं सोन्यात न्हालेलं. आजूबाजूला हवेत झेंडूच्या पाकळ्या. बावीस वर्षं मी असा प्रकाश शोधत होतो. माझा कॅमेरा माझ्या पाठीवरच्या बॅगेत होता. बॅग माझ्या आणि दुधाच्या कॅनच्या मध्ये होती. माझा उजवा हात लाइट-स्टँडखाली, डावा कुणाच्या तरी डोक्यावर.

"मावशी, अश्शाच राहा, हलू नका," मी तरीसुद्धा म्हणालो.

मावशींनी मला जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. त्यातलं 'आधी माझी फुलं वेच' एवढंच घेण्याजोगं होतं. कळव्यापासून ठाण्यापर्यंत मी आणि पोरगा गुडघ्यांवर बसून झेंडू वेचत होतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली तेव्हा चौदा डब्यांत चारशे पाहुणे बसले होते. चौदा डब्यांत चारशे! आमच्याकडे तेवढे दारात असतात. त्या दिवशी ठाणे स्टेशनवर पाहुण्यांच्या स्वागताला तंबू, पाहुणचार सगळं होतं. मी उतरलो तेव्हा स्वागताला तिकीट तपासनीस होता. मालडब्यातून प्रवास करायचा मला अधिकार आहे का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. सामान बघून तो म्हणाला, "मंडप डेकोरेशन?" मी 'हो' म्हटलं. डोक्यात झेंडू होताच.

मिसळीचं प्रकरण याच्यानंतरचं. कल्याणच्या एका हॉटेलमालकांना भिंतीवर लावायला मिसळीचा चार फुटी फोटो हवा होता. ते म्हणाले, "बाकी काही नाही, वाफ दिसली पाहिजे. आमची मिसळ गरम असते."

हे ऐकायला सोपं आहे. पण मिसळीइतका फोटोला बेइमान पदार्थ दुसरा नाही. वडा बिचारा जिथे ठेवाल तिथे बसतो. मिसळीत फरसाण दोन मिनिटांत मान टाकतं, तर्री एका बाजूला सरकते, कांदा सुकतो, कोथिंबीर काळी पडते, आणि वाफ तर कॅमेरा उचलेपर्यंत निघून गेलेली असते. वाफ दिसायला मागे काळोख लागतो आणि उजेड मागून यावा लागतो. मालकांच्या हॉटेलला मागे पांढऱ्या टाइल्स आणि उजेड छताच्या ट्यूबलाइटचा. मी काळं कापड लावलं. कांद्याला ब्रशने तेल लावलं. लिंबाच्या फोडीवर ग्लिसरीनचे थेंब सोडले, म्हणजे ते पाण्यासारखे ओघळून जात नाहीत. फरसाण बुडू नये म्हणून वाटीच्या तळाशी उकडलेला बटाटा दाबून बसवला. सगळं झालं, वाफ उरली. तेव्हा पोराने युक्ती काढली. गल्ल्यावर देवाला लावलेली उदबत्ती होती. ती वाटीच्या मागे उभी केली. धूर अगदी वाफेसारखा, वळत वळत वर जाऊ लागला. मालक दोन्ही हात जोडून उभे राहिले. ते वाफेला का देवाला, कळलं नाही.

चाळीस फोटो काढले. एक्केचाळिसाव्याला फ्लॅशची बॅटरी संपली म्हणून मी पाठ फिरवून बॅगेत हात घातला. पाठ फिरवली ती दीड मिनिट. वळून बघतो तर टेबलावर एक गृहस्थ बसलेले, हातात पाव, आणि माझी मिसळ निम्मी संपलेली.

"अहो!"

"टेबल रिकामं होतं," ते म्हणाले. "बसलो."

त्यांना सांगावं की नाही हा प्रश्न होता. ग्लिसरीन औषधाच्या दुकानातलं होतं, तेल खायचं होतं, मरायचं काही कारण नव्हतं. मालक माझ्याकडे बघत होते, मी पोराकडे, पोरगा छताकडे. गृहस्थांनी शेवटचा घास घेतला, वाटी पावाने पुसली आणि क्षणभर विचार केला. "चव जरा निराळी आहे. मोगऱ्याचा वास येतो. पुण्याची पद्धत का?"

मालक 'हो' म्हणाले. धंद्याची बुद्धी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्या गृहस्थांनी जाताना एक पार्सलही मागितलं.

बायकोला हे सांगितल्यावर ती हसली नाही. "बावीस वर्षांत तुझं काम कुणीतरी पुसून खाल्लं, हे पहिल्यांदाच," एवढंच म्हणाली. आमच्या घरात माझ्या कलेबद्दल आदर आहे. फक्त तो वर, माळ्यावर, जुन्या अल्बमांबरोबर ठेवलेला असतो.

प्री-वेडिंग मी करत नाही, असं मी बरीच वर्षं सांगायचो. मग लोक बोलवेनासे झाले, तेव्हा करतो म्हणायला लागलो. आता आमच्या भागात प्री-वेडिंगचं असं आहे की रविवारी सकाळी उपवन तलावाच्या काठी जा, प्रेमाला रांग असते. एक जोडी पाण्याकडे बघते, दुसरी झाडाकडे, तिसरी घड्याळाकडे, कारण तिचा नंबर यायचा असतो. येऊरला गेलात तर तीच जोडी कपडे बदलून तिथे. म्हणून माझ्याकडे आलेल्या जोडीला मी म्हटलं, आपण काहीतरी वेगळं करू. वेगळं करण्याची ही जी हौस आहे ना, तिने मला फार छळलंय.

हिवाळा होता. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या खाली, खाडीवर, कुरव पक्षी येतात. लोक त्यांना सीगल म्हणतात, आणि ते कुठूनही आलेले असले तरी 'सायबेरियाचे' म्हणतात. पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा, मागे किल्ला, मध्ये जोडी, कोवळं ऊन. कागदावर फार सुंदर दिसत होतं. किल्ल्याचं मी त्यांना थोडं सांगितलंही, की इथे शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली. नवरा मुलगा म्हणाला, "सर, ते व्हॉइस ओव्हरमध्ये टाकू." नवरी मुलगी सॅटिनच्या लांब झग्यात. झग्याची शेपटी धरायला तिचा भाऊ. माझा मदतनीस पोरगा शेव-गाठियाच्या दोन पाकिटांसह सज्ज. योजना अशी, की मुलीने हात उंचावून शेव उधळायची, पक्षी उडायचे, मुलाने तिच्याकडे प्रेमाने बघायचं.

शेव उधळली. पक्षी आले. थवा म्हणजे पंचवीस-तीस असतील असं मला वाटलं होतं. खाडीतले सगळे आले. पाकीट पोराच्या हातात होतं तरी त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, ते थेट माझ्यावर आले. नंतर उलगडा झाला. पोराने जास्तीचं पाकीट माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, तोंड उघडं, खोचून ठेवलं होतं. मी डोळा कॅमेऱ्याला लावून 'हसत राहा, हसत राहा' म्हणत मागे सरकतोय, आणि माझ्या पाठीवर लढाई जुंपलेली. काही थंडगार कानामागे पडलं. काही लेन्सवर पडलं. नवरा मुलगा प्रेमाने बघायचं सोडून पोट धरून हसत होता, आणि मुलगी, जी सकाळपासून गंभीर होती, ती इतकी हसली की भावाने झग्याची शेपटी सोडली आणि ती चिखलात गेली.

इतक्यात गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक काका आले. मला वाटलं मदतीला आले. ते शांतपणे म्हणाले, "पक्ष्यांना फरसाण घालू नये. त्यांच्या पोटाला सोसत नाही. इतक्या लांबून येतात ते आपलं तेलकट खायला येत नाहीत." त्यांचं बरोबर होतं, त्यामुळे जास्त लागलं. "बघा," काका पुढे म्हणाले, "तुमच्या डोक्यावर बसलाय तो तपकिरी डोक्याचा कुरव. लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर घरटी करतो. इतक्या जवळून बघायला मिळत नाही." काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या डोक्याचा फोटो घेतला. मी म्हटलं, मला पाठवाल का? ते म्हणाले, "तुम्ही त्यात आला नाही आहात."

जोडीचे फोटो मात्र, खोटं कशाला बोलू, चांगले आले. दोघंही माझ्याकडे बघून खळखळून हसताना. त्यांचा अल्बम बघणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न पडतो म्हणे, हे दोघं एकमेकांकडे का बघत नाहीत.

दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी फोटोग्राफीचा धंदा करून बघितला होता. बडोद्याला त्यांनी स्टुडिओ काढला, तेव्हा गावात कुणीतरी उठवलं की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो. धंदा बसला. मला त्या बडोदेकरांबद्दल कधीच हसू आलं नाही. शक्ती ओढली जाते हे शंभर टक्के खरं आहे. कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूच्या माणसाची, एवढ्यावरच त्यांची चूक झाली.

कल्याणच्याच एका डॉक्टरीणबाईंना दवाखान्यासाठी फोटो हवा होता. मी तासभर 'मॅडम, स्माइल' चालवलं होतं. त्यांचं हसू दर वेळी इंजेक्शन देण्याआधीचं. मग मी त्यांना धीर यावा म्हणून मोबाइलवर आनंदीबाई जोशींचा तो प्रसिद्ध फोटो दाखवला. आनंदीबाई कल्याणच्या, १८६५ चा जन्म. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना, १८८५ मध्ये, जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबूली यांच्याबरोबर काढलेला तो फोटो. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत, वय वीस. पुढच्या वर्षी डॉक्टर झाल्या. "बघा मॅडम," मी म्हणालो, "काय आत्मविश्वास आहे!"

बाईंनी फोटो बराच वेळ बघितला. "यात एकही जण हसत नाहीये," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला मघापासून काय सांगताय?"

मी निमूटपणे न हसणारा फोटो काढला. तो उत्तम आला. दवाखान्यात लावलाय. पोरं त्याच्याकडे बघून औषध घेतात.

घोडबंदर रोडवरच्या इमारतीचं काम लवकर सांगून टाकतो कारण त्यात माझी बाजू फारशी नाही. बाल्कनीतून खाडी दिसते असा फोटो पाहिजे होता. खाडी दिसत होती, बाल्कनीच्या कठड्यावर चढून, उजवा पाय पाण्याच्या पिंपावर ठेवून, धड डावीकडे झुकवलं तर. पोराने माझा पट्टा धरला होता. फोटो मिळाला. मग सांगण्यात आलं की खालचे मेट्रोचे खांब कॉम्प्युटरवर पुसून टाका, फार धूळ वाटते. दोन रात्री बसून बावीस खांब पुसले. तीन महिन्यांनी फोन आला, "खांब परत टाका, आणि वर एक मेट्रो टाका, धावती." पट्टा त्या दिवशी तुटला तो वेगळाच.

एमआयडीसीतल्या कारखान्याचंही तसंच. रसायनांच्या पांढऱ्या पिंपांचे फोटो काढायचे होते. आता आमच्या धंद्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय हे शिकवावं लागतं, त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. मी डोंबिवलीचा. २०१४ च्या जानेवारीत आमच्याकडे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्री तो बघून गेले. कॅमेऱ्याला मी पांढरं कशाच्या जोरावर शिकवू? पिंपं फोटोत किंचित निळी आली. मॅनेजर म्हणाले, "असू दे, हवेचाच रंग आला असेल."

आता पाडव्याकडे येतो.

चैत्र पाडव्याची शोभायात्रा ही आमच्या गावाची देणगी. १९२४ सालच्या गणेश मंदिराच्या संस्थानाने १९९९ मध्ये ती सुरू केली, मग ती गावोगावी गेली. गिरगावकर ती आपली म्हणतात, म्हणोत. पहाटेपासून फडके रोडवर ढोल, लेझीम, नऊवारीतल्या बुलेटवाल्या मुली, शाळांची पथकं, पालख्या. दिवाळीच्या पहाटे जो रस्ता नटूनथटून नुसता उभा असतो, तो पाडव्याला चालू लागतो. मला एका पथकाचं काम होतं, बक्षिसासाठी फोटो पाठवायचे होते. सकाळी उठलो तर झब्बा बायकोने इस्त्रीला दिलेला, आलेला नाही. दुसरा झब्बा गेल्या दिवाळीपासून होत नाही. वेळ नव्हता. दुकान उघडून सामान घेतलं आणि खिळ्यावरचा शर्ट अंगात घातला. मळखाऊ आहे, गर्दीत बरा, असा विचार केला. आपलाच तर आहे.

मिरवणुकीचा फोटो काढायचा तर मिरवणुकीच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून, उलटं चालावं लागतं. मी वीस वर्षं उलटा चालतोय. मागे माझे डोळे म्हणजे पोरगा. तो खांद्याला धरून 'डावीकडे, सर', 'खड्डा, सर' असं सांगत असतो. त्या दिवशी समोरून बुलेटवाल्यांचं पथक आलं. त्यात पोराच्या कॉलेजातली कोणीतरी असावी. खांद्यावरचा हात कधी सुटला मला कळलं नाही.

पहिल्या गाडीवरच्या मुलीचा पदर वाऱ्यावर उडाला, मागे गुढी, आणि फेट्याचा तुरा बरोबर उन्हात. मी म्हटलं, आणखी दोन पावलं मागे, म्हणजे सगळं चौकटीत बसेल. एक पाऊल गेलं. दुसऱ्या पावलाखाली रस्ता मऊ लागला.

चौकात पहाटे तीनपासून बसून मुलींनी मोठी रांगोळी काढली होती. रंग भरून झाला होता, मधल्या वर्तुळात नुसती पांढरी रांगोळी पसरून ठेवली होती, त्यावर कलश यायचा होता. कलशाच्या जागी मी आलो. आधी बसलो, मग कॅमेरा वाचवायला दोन्ही हात वर केले, तेव्हा पाठीवर आडवा झालो. ढोल थांबले. आयुष्यात प्रथमच माझ्या शूटला अख्ख्या फडके रोडचं लक्ष होतं. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "काका, हलू नका, हलू नका, बाकीची विस्कटेल!"

मी हललो नाही. काय करणार, वाक्य माझंच होतं. चार जणांनी मला हातापायांना धरून सरळ वर उचललं, जसा रंगाच्या आत आलो तसाच रंगाबाहेर काढलं आणि पानाच्या टपरीपाशी ठेवलं. खाली पांढऱ्यात माझा आकार राहिला होता. मुलींनी तो दहा मिनिटांत भरून काढला. पथकाला बक्षीस मिळालं नाही. रांगोळीला मिळालं.

संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपवर पोचला. सोसायटीच्या, शाळेच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या, 'आम्ही डोंबिवलीकर' नावाच्या तीन वेगवेगळ्या. मी तो आधी धंद्याच्या नजरेने बघितला. फोकस अचूक. प्रकाश सुरेख. त्या दिवशी मी काढलेल्या सहाशेतला एकही इतका शार्प नव्हता. खाली प्रतिक्रिया होत्या. कुणीही 'लागलं का' विचारलं नव्हतं. कुणी मला ओळखलंही नव्हतं. पण पहिल्याच गृहस्थांनी लिहिलं होतं, 'अरे, हा शर्ट माझ्या व्हिसावर आहे.' त्याखाली, 'माझ्यापण.' त्याखाली न्यू जर्सीहून, 'बाबांच्या पासपोर्टवर सेम!' मग सत्तावीस जणांनी आपापल्या फोटोंचे फोटो टाकले. सत्तावीस माणसं, एक शर्ट, एकही हसत नाही. बायकोने तो ग्रुप स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, "तरी मी सांगत होते, सोफ्याचं कापड टिकतं."

दुसऱ्या दिवशी शर्ट धुऊन खिळ्याला लावत होतो तर दारात ते कडक इस्त्रीचे आजोबा. सहा महिने मुलाकडे राहून नुकतेच परत आले होते. अमेरिका कशी वाटली विचारलं तर म्हणाले, "माणसं बरी आहेत. विमानतळावर त्याने मला ओळखलं." मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि तो फोटो माझ्यापुढे धरला.

"मी काढला," ते म्हणाले. "बँकेच्या पायरीवर उभा होतो. चष्मा लावला होता ना, म्हणून नीट आला."

मी म्हटलं, आजोबा, फार चांगला आलाय. सेटिंग काय ठेवलं होतं?

"सेटिंग कसलं? दाबलं." त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, माझ्या चेहऱ्यापाशी आणला आणि एकेक मुद्दा बोट ठेवून तपासू लागले. "मागे सगळं पांढरं आहे. शर्ट गडद आहे. दोन्ही कान दिसतायत. हसला नाहीत. हललाही नाहीत." मग जरा थांबून, माझ्याकडे टेबलफॅनकडे बघितल्यासारखं बघत म्हणाले, "फक्त चष्मा काढायला हवा होतात."